टाळूची जखम: हिरडीच्या कलमानंतरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. हिरड्यांचे आजार आणि त्यांच्या शस्त्रक्रिया हा माझा मुख्य विषय. हे प्रकरण लिहायला रुग्णाने आपणहून परवानगी दिली. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत, पण जे घडलं त्यात काही बदललेलं नाही. यात माझीही एक चूक आहे आणि मुख्यतः तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

रुग्ण बावन्न वर्षांचे. त्यांना इथे काका म्हणते, दवाखान्यातही तेच म्हणते. आंब्याच्या कलमांची त्यांची स्वतःची रोपवाटिका आहे. गाव दवाखान्यापासून ४० किलोमीटरवर, घरी ते आणि काकू असे दोघंच, मुलगा मुंबईला. रक्तदाबाची गोळी रोजची. शिवाय त्यांच्या फिजिशियनने दोन वर्षांपूर्वी रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी चालू केली होती. साखर वाढलेली; तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.९. वीस वर्षं मशेरी लावत होते. शस्त्रक्रिया करायची तर सहा आठवडे आधी मशेरी पूर्ण बंद, असं मी सांगितलं आणि त्यांनी ती खरोखर बंद केली. ही गोष्ट सांगायला सोपी आणि करायला किती अवघड असते, हे आमच्याकडे घरोघरी माहीत आहे.

अडचण काय होती

खालचे पटाशीचे मधले दोन दात "लांब दिसायला लागलेत" आणि ब्रश लागला की कळ येते, ही तक्रार घेऊन ते आले होते. उजव्या बाजूच्या दाताची हिरडी ४ मिलिमीटर खाली सरकली होती. त्याहून काळजीची बाब वेगळीच होती. दाताला घट्ट धरून राहणारी जाड, फिकट गुलाबी हिरडी तिथे जवळजवळ उरलीच नव्हती. ओठाच्या आतली लालसर, हलती त्वचा थेट दाताच्या कडेपर्यंत आलेली. ओठ बाहेर ओढला की हिरडीची कडही ओढली जायची. अशा जागी ब्रश टोचतो म्हणून माणूस ब्रश टाळतो, ब्रश टाळला की सूज येते आणि सुजेने हिरडी आणखी खाली जाते. त्या चक्रात काका तीन-चार वर्षं होते.

इलाज म्हणजे टाळूवरची जाड त्वचा घेऊन ती खाली लावणं. समजावताना मी "ग्राफ्ट" म्हणाले आणि काका एकदम खुलले. "म्हणजे कलमच की. कांडी वरची, खुंट खालचा." त्यांना यापेक्षा जास्त काही सांगायची गरज पडली नाही. खुंटाला साल नीट लागली पाहिजे, हलता कामा नये, पहिले पंधरा दिवस हात लावायचा नाही, हे सगळं तेच मला सांगत होते.

मी मात्र त्या दिवशी खालच्या जागेबद्दल पंधरा मिनिटं बोलले आणि टाळूबद्दल दोन.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा: मऊ ब्रश, सफाई आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. सूज नसती आणि त्यांना ब्रश करता आला असता, तर मी हाच निवडला असता.

दुसरा, टाळूच्या वरच्या थरासह पातळ पट्टी काढून खाली शिवणं. ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. घट्ट हिरडीची रुंदी वाढवायला ती भरवशाची, पण टाळूवर उघडी जखम राहते. ती टाक्यांनी मिटत नाही, कडांकडून नवी त्वचा सरकत येऊन भरते. त्याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

तिसरा, टाळूच्या आतला थर तेवढा काढून वरची त्वचा परत झाकायची. लँगर आणि लँगर यांनी १९८५ साली मांडलेल्या पद्धतीनंतर ही वाट सर्वत्र रुळली. यात टाळू टाक्यांनी मिटते, दुखणं कमी राहतं. दाताचं उघडं पडलेलं मूळ झाकायला आणि रंग जुळायला ती उत्तम. पण काकांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. खालच्या ओठाआड ती जागा कुणाला दिसणारही नव्हती. गरज होती घट्ट पट्ट्याची आणि ओठाची ओढ तोडण्याची.

चौथा पर्याय तयार कोलॅजनच्या पडद्याचा. टाळूला हात लागत नाही, पण खर्च बराच आणि अशा जागी मिळणारी घट्ट हिरडी सहसा कमी.

आम्ही दुसरा निवडला. आजही तोच निवडेन.

खरा निर्णय पुढचा होता: टाळू झाकायची कशाने? पारदर्शक प्लास्टिकची प्लेट आधी बनवून ठेवता येते. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधी एकदा येऊन दातांचं माप द्यावं लागतं. रुग्णाचंच १० मिलिलिटर रक्त यंत्रात फिरवून त्यातला फायब्रिनचा, म्हणजे गुठळी धरणाऱ्या प्रथिनाचा, जाडसर पडदा जखमेवर शिवता येतो. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आता आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण माझ्याकडचं ते यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेलं होतं. राहिला कोलॅजनचा स्पंज, त्यावर फुलीचे टाके आणि वर गुलाबी पॅक, म्हणजे जखम झाकणारा, लावल्यावर घट्ट होणारा लगदा.

काकांना मापासाठी ४० किलोमीटर एक जादा फेरी पडली असती. मे महिना, आंबा काढणी ऐन भरात. "एका फेरीत होईल ना, डॉक्टर?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. ॲस्पिरिन चालू आहे हे माझ्या समोरच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यांच्या फिजिशियनशी मी बोललेही होते. ते म्हणाले, गोळी थांबवू नका, आणि ते बरोबरच होतं. एका लहान जखमेसाठी हृदयाची गोळी बंद करणं हा उलटा हिशोब आहे. पण गोळी चालू राहणार म्हणजे टाळूचं संरक्षण जास्त हवं, हा त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग. तो माझ्याकडून सुटला.

शस्त्रक्रियेचा दिवस

मे अखेरची सकाळ. टाळू बधिर केल्यावर सुईने जाडी मोजली. पहिल्या दाढेच्या पुढे, उपदाढांच्या रेषेत ती ३ मिलिमीटर होती, म्हणजे चांगली. अगदी पुढच्या वळ्या टाळल्या, कारण त्या पट्टीबरोबर आल्या तर खाली हिरडीवरही वळ्याच दिसतात. फार मागे किंवा टाळूच्या खोल मध्याकडेही गेले नाही. शेवटच्या दाढांजवळच्या एका छिद्रातून टाळूची मुख्य रक्तवाहिनी बाहेर येते आणि पुढे सरकते. टाळू उथळ असली तर ती दातांच्या बरीच जवळ असते. काकांची टाळू मध्यम खोल होती.

१५ मिलिमीटर लांब, ७ रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टी निघाली. खाली ती नीट बसली, टाक्यांनी घट्ट झाली. टाळूवर ओल्या गॉजने दाब दिला, स्पंज ठेवला, फुलीचे टाके घेतले, वर पॅक लावला. टाळू हा गुळगुळीत घुमट आहे. पॅकला धरायला तिथे दातांच्या फटींशिवाय काही नसतं. लावतानाच तो फार टिकणार नाही हे मला दिसत होतं.

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल दिलं. आयबुप्रोफेन टाळलं, कारण ते ॲस्पिरिनच्या कामात आडवं येऊ शकतं आणि रक्तदाबालाही चांगलं नाही. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्क्याचं पाणी दिवसातून दोनदा, १० मिलिलिटर, मिनिटभर. तेही जोरात खुळखुळायचं नाही, नुसती मान इकडे-तिकडे कलती करायची आणि तोंड उघडून सोडून द्यायचं. थुंकायचं नाही, स्ट्रॉ वापरायचा नाही, गरम काही नाही.

जेवणाचं सांगताना मी म्हणाले, "काका, आठवडाभर पेज खा. कोमट."

त्यांना ते पटलं. मलाही वाटलं, इथल्या माणसाला याहून सोपं पथ्य असू शकत नाही.

पहिले पाच दिवस

दुसऱ्या रात्री पॅक निघून आला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "डॉक्टर, खालचं काहीच दुखत नाही बघा. वर मात्र भाजल्यासारखं होतंय. जीभ सारखी तिथेच जातेय."

ही तक्रार नेमकी आहे, आणि हिरडीच्या कलमानंतर जवळजवळ प्रत्येकजण थोड्याफार फरकाने हेच सांगतो. जिथे काम केलं ती जागा शांत, जिथून घेतलं ती बोलते. कारण सरळ आहे. खालची जागा पट्टीने झाकलेली असते आणि टाळू उघडी. तिच्यावर घास घासतो, गरम लागतं, हवा लागते आणि जीभ दिवसभर चाचपत राहते.

मागून काकूंचा आवाज आला: "पांढरा पू धरलाय, मी कापसाने पुसून काढला थोडा."

मला चर्र झालं. तो पू नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाळूच्या जखमेवर जो पांढुरका-पिवळट थर येतो, तो फायब्रिनचा. शरीराने स्वतःच घातलेली ती पट्टी. तिच्याखालून नवी त्वचा सरकते. तो पुसला की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पू असता तर सूज वाढली असती, ताप आला असता, दुखणं दिवसागणिक चढत गेलं असतं. मी काकूंना हे समजावलं आणि घरात लवंगेचं तेल, हळद, तुरटी यांपैकी काही लावायचा विचार असेल तर तोही सोडायला सांगितलं. लवंगेचं तेल किडलेल्या दातात आराम देतं, पण उघड्या जखमेवर ते भाजतं.

हा पहिला वळणाचा बिंदू. पॅक गेलेला, थर पुसलेला, रक्त पातळ करणारी गोळी चालू. मी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवायला हवं होतं, निदान मोबाइलवर फोटो तरी मागायला हवा होता. रक्त येत नाही म्हणाले म्हणून मी फोनवरच धीर दिला आणि आठव्या दिवशी टाके काढायला या, असं सांगितलं.

सहाव्या दिवसाची रात्र

जूनचा पहिला आठवडा. मृगाच्या आधीचा पाऊस सुरू झालेला. रात्री सव्वाआठला फोन आला तेव्हा त्यांच्या गावात वीज नव्हती. काकू बोलत होत्या. तोंडातून रक्त येतंय, थांबत नाही, बेसिन लाल झालंय.

काय घडलं ते नंतर जुळवता आलं. बरं वाटायला लागलं म्हणून काका त्या दिवशी वाडीत उतरले होते. कोयी रुजत घालायच्या, मातीच्या पिशव्या भरायच्या. दिवसभर खाली वाकून काम आणि ओझी उचलणं. रात्री पेज घेतली, पथ्याप्रमाणे कोमट. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा.

इथे मला थांबून सांगायला हवं. कोकणात पेज कुणी एकटी खात नाही. तिच्याबरोबर लोणचं असतं, भाजलेला पापड असतो, काहीतरी तोंडी लावायला असतं. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद म्हणजे ताजे मासे नाहीत, घरोघरी सुकवलेले डबे उघडतात. हे सगळं मला माहीत होतं. मी याच मातीत वाढले आहे. तरी "पेज खा" म्हणताना मी नुसती वाटी डोळ्यांसमोर आणली, वाटीशेजारचं ताट नाही. काकांनी पथ्य मोडलं नव्हतं. मीच ते अर्धं सांगितलं होतं. बांगड्याचा काटा, टाळूची ढिली होत आलेली गुठळी आणि दिवसभर वाकल्याने चढलेला दाब, असे तिन्ही एकाच जागी आले.

फोनवर दोन वाटा होत्या: लगेच निघा म्हणणं किंवा आधी घरीच दाब देणं. ४० किलोमीटर, घाटाचा रस्ता, पाऊस, शेवटची एसटी गेलेली. मी आधी दाब निवडला आणि गाडीची सोयही लगेच करायला सांगितली, म्हणजे वेळ वाया जाणार नव्हता.

काकूंना जे सांगितलं ते जवळजवळ असं होतं: काकांना खुर्चीत सरळ बसवा, आडवं करू नका. धुतलेलं मऊ सुती फडकं घ्या, चौघडी करा, स्वच्छ पाण्यात भिजवून पिळा. तोंड उघडायला सांगा, फडकं जखमेवर ठेवा आणि अंगठ्याने वरच्या हाडाकडे दाबा. घड्याळ समोर ठेवा. वीस मिनिटं. मध्ये काढून बघायचं नाही. चूळ भरायची नाही. रक्त गिळू नका, कडेने बाहेर येऊ द्या.

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन: "अजून येतंय." बोलताना कळलं, दर दोन मिनिटांनी फडकं उचलून मोबाइलच्या उजेडात बघत होत्या. कुणीही बघेल, समोर आपला माणूस आहे. पण उचललं की नुकती धरलेली गुठळी फडक्याबरोबर निघते. मग मी फोन चालूच ठेवला. घड्याळ मी बघते, तुम्ही फक्त दाबा, असं म्हणाले. वीस मिनिटं आम्ही तशीच धरली. मध्ये मी पावसाचं, मुलाचं, कोयी किती रुजवल्या याचं विचारत राहिले. काका उत्तर देऊ शकत नव्हते, काकू देत होत्या. विसाव्या मिनिटाला धार थांबली होती, नुसतं झिरपणं उरलं होतं.

तरी मी त्यांना यायलाच सांगितलं. ॲस्पिरिनवर असलेल्या माणसाचं झिरपणं पहाटे पुन्हा धार होऊ शकतं. पुतण्याचा टेम्पो होता. वाटेत धार पुन्हा सुरू झाली तर पुढे न येता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थांबा, हेही बजावलं.

साडेअकराला ते पोचले. फडकं अजून अंगठ्याखाली होतं. रक्तदाब १६०/९४. टाळूवर जांभळट-तपकिरी, जेलीसारखी गुठळी लोंबत होती, टाके सुटलेले. अशी मोठी, मऊ गुठळी रक्त थांबवत नाही. तिच्याखालून झिरपत राहतं. ती काढली, धुतलं, तेव्हा जखमेच्या मागच्या कडेला एकच बिंदू दिसला. टाळूला रक्त मागून पुढे येतं, त्यामुळे नळ बंद करायचा तर बिंदूच्या मागेच करायला हवा. बधिर करून त्या बिंदूच्या मागे एक खोल टाका घेतला. ट्रानेक्झामिक ॲसिडच्या इंजेक्शनमध्ये भिजवलेलं गॉज दहा मिनिटं दाबलं, मग विरघळणाऱ्या सेल्युलोजची जाळी ठेवून वरून फुलीचे टाके. बधिर करायच्या औषधात ॲड्रेनलिन असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, पण उतरलं की रक्त परत येऊ शकतं. म्हणून तासभर त्यांना समोर बसवून ठेवलं. आलं नाही.

काकांनी तेवढ्या वेळात एकच प्रश्न विचारला. तोंड जड होतं, शब्द नीट उमटत नव्हते. "डॉक्टर, मोठी फांदी छाटली तर आम्ही कापावर बोर्डो पेस्ट लावतो. माझ्या टाळूला काय लावलंत?"

प्लेट

ते रात्री गावातच नातेवाइकांकडे राहिले. सकाळी पुन्हा एक निर्णय. माप घ्यायचं तर मापाचा लगदा टाळूवर बसणार आणि काढताना रात्रीची गुठळी घेऊन निघण्याची भीती. आठवडाभर थांबायचं तर हा धोका टळतो, पण ज्या दिवसांत प्लेट हवी तेच दिवस जातात. मी माप घ्यायचं ठरवलं. जखमेवर व्हॅसलिन लावलेल्या गॉजचा तुकडा अंथरला, लगदा नेहमीपेक्षा सैल कालवला, ट्रे हलक्या हाताने बसवला. रक्त आलं नाही.

साच्यावर १ मिलिमीटरची पारदर्शक शीट तापवून ओढली. जखमेच्या जागी आतून थोडी पोकळी ठेवली, म्हणजे प्लेट तिथे टेकणार नाही, नुसती छपरासारखी राहील. कडा घासून गुळगुळीत केल्या. दुपारी प्लेट काकांच्या तोंडात होती. पारदर्शक असल्यामुळे आरशात जखमेचा रंग दिसत होता. काकूंना मी तोच दाखवला: हा पांढरा थर राहू द्यायचा, लाल ताजं रक्त दिसलं तर फोन.

दुखणं दहापैकी किती, असं मी प्लेट लावण्याआधी विचारलं तेव्हा सात म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोनवर तीन. "जिभेला आता दार लागलं," असं म्हणाले.

पहिले दोन दिवस प्लेट काढायचीच नव्हती. नंतर प्रत्येक जेवणानंतर काढून गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायची, गरम पाण्यात ती वाकडी होते. जेवतानाही तोंडातच. एकूण दोन आठवडे वापरली.

जेवणाची यादी या वेळी आम्ही तिघांनी बसून केली. पेज, कुळथाची पिठी मिरची न घालता आणि कोमट करून, मऊ भात आणि ताक, मऊ शिजवलेली मुगाची खिचडी, गाळलेला आमरस. सोलकढी नको, आंबट आणि तिखट दोन्ही चरचरतं. भाकरीचा पापुद्रा, घावण्याची कडक कड, तळलेले फणसाचे गरे, पापड, सुकं मासळं तीन आठवडे नाही. वाडीत जायचं, पण खुर्ची टाकून बसायचं आणि बोट दाखवायचं. दहा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही.

कसं भरत आलं

चौदाव्या दिवशी कडा आत सरकल्या होत्या, मध्ये लालसर बेट उरलं होतं. नवी त्वचा पूर्ण आली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी फसवं असतं. म्हणून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकून बघतात. जिथे त्वचा उघडी असते तिथे बारीक फेस येतो. काकांना आरसा दिला. मधल्या बेटावर फेस फसफसला, कडांवर काहीच नाही. एवढं राहिलं, हे त्यांनी स्वतः पाहिलं आणि पुढचे दोन आठवडे पथ्याबद्दल मला काही सांगावं लागलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी थेंब टाकला तो पाण्यासारखा तसाच राहिला.

सहा आठवड्यांनी रंग आजूबाजूसारखा झाला. हाताला किंचित खळगा लागत होता. दाढेपुढे नाण्याएवढ्या जागेत बधिरपणा होता, तो दोन महिन्यांनी गेला. खालचं कलम पहिल्यापासून उत्तम लागलं. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा ७ मिलिमीटरची पट्टी आक्रसून ५ झाली होती, म्हणजे अपेक्षेइतकीच. ओठ ओढला तरी कड हलत नाही. ब्रश लागतो आणि दुखत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्लेटसाठी एक जादा फेरी मी काकांवर लादायला हवी होती. वाचवलेल्या एका फेरीच्या बदल्यात पावसातली एक रात्र आणि चार फेऱ्या झाल्या. आता टाळूवर उघडी जखम राहणार असेल तर मी तपासणीच्याच दिवशी माप घेऊन ठेवते. रुग्ण आलेलाच असतो, दहा मिनिटं लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला प्लेटशिवाय मी आता हात लावत नाही.

पूर्वीच्या कागदावर "मऊ आहार" असे दोन शब्द होते. आता मी विचारते: घरी सकाळी काय असतं, पेजेबरोबर काय, डब्यात काय, स्वयंपाक कोण करतं? स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर नसेल तर तिच्याशी फोनवर बोलल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. जखमेचा तिसऱ्या दिवसाचा पांढरा थर कसा दिसतो, त्याचा फोटो आधीच दाखवते. काकूंनी जे केलं ते काळजीपोटी केलं. त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तो थर जपला असता.

निघताना हातात गॉजची बंद पाकिटं देते आणि वीस मिनिटं दाब कसा द्यायचा हे घरच्या माणसाकडून दवाखान्यातच एकदा करून घेते. अंधारात, घाबरलेल्या हाताने पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही.

एका निर्णयाबद्दल मी अजून ठाम नाही. त्या रात्री मी त्यांना माझ्याकडे बोलावलं, जवळचं ग्रामीण रुग्णालय सोडून. टाळूचा टाका मी नेमका घेऊ शकत होते हे खरं, पण घाटात धार पुन्हा सुरू झाली असती तर ते अंतर फार महाग पडलं असतं. आज मी आधी रुग्णालयात फोन करून तिथे कोण आहे ते विचारेन आणि मग ठरवेन.

पुढच्या मे महिन्यात काका तपासणीला आले. पिशवीत वाडीतले दोन डझन आंबे होते आणि एका डबीत जपून ठेवलेली ती प्लेट. वरच्या डाव्या सुळ्याची हिरडीही सरकायला लागली होती. परत टाळूवरून घ्यावं लागेल का, त्याच बाजूने की दुसऱ्या, असं त्यांनी विचारलं. डावी बाजू चांगली भरली होती, तिथून पुन्हा घेता आलं असतं. तरी मी उजवी निवडली. सुळा हसताना दिसतो, म्हणून या वेळी आतल्या थराची पद्धत घ्यायची असं ठरलं. ती करताना टाळू मिटते, पण वरची पातळ त्वचा कधीकधी काळी पडून सुटते आणि जखम उघडी पडते.

तारीख पावसाळ्यानंतरची धरली. माप त्याच दिवशी घेतलं.